भाडे, रस्ता आणि मुलांची संध्याकाळ: नोकरीसाठी शहर बदलणाऱ्या एका कुटुंबाचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब चौघांचे आहे. आई रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका, वडील लेखापाल, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा. मुलाला दम्याचा त्रास आहे. आईला दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या शहरातील रुग्णालयात वरच्या पदाची नोकरी मिळाली आणि रुजू होण्यासाठी दहा आठवड्यांची मुदत मिळाली. त्या शहरात नात्यातले किंवा ओळखीचे कोणी नव्हते. वडिलांना आपली नोकरी सोडून तिथे नव्याने काम शोधावे लागणार होते, म्हणजे निदान काही महिने चौघांचा खर्च एकाच पगारावर चालणार होता. ओळख पटू नये म्हणून शहराचे नाव येथे दिलेले नाही, आणि भाड्याचे आकडे रकमेत न देता आईच्या हातात येणाऱ्या पगाराच्या टक्क्यांत दिले आहेत. वाचणाऱ्याला आपल्या पगाराशी ताडून पाहायलाही तेच सोयीचे पडेल.

चौकशीअंती तीन भाग समोर उरले. पहिला भाग म्हणजे शहराच्या कडेला नव्याने उभी राहिलेली वसाहत: घरे मोठी, इमारती नव्या, भाडे पगाराच्या २४ टक्के. दुसरा भाग नावाजलेला. तिथून रुग्णालय चालत जाण्याजोगे, शाळांची ख्याती मोठी, परंतु अगदी लहान घरालाही ४३ टक्के भाडे. तिसरा भाग रेल्वे स्थानकामागची जुनी वस्ती. तिथे भाडे २९ ते ३३ टक्के, रुग्णालय बसने २० मिनिटांवर, आणि त्या भागाचे नाव मात्र खराब. आईच्या भावी सहकाऱ्यांपैकी ज्यांना ज्यांना विचारले, त्या बहुतेकांनी मुले बरोबर असतील तर स्थानकामागे राहू नका, असेच सांगितले.

आई-वडिलांनी सुरुवातीला एक तक्ता केला होता. भाडे, शाळा, मोकळी जागा, बाजार, सुरक्षितता अशा प्रत्येक बाबीला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरजेत कडेची नवी वसाहत सहज पुढे गेली. मला या पद्धतीत मोठा धोका दिसतो, आणि तो घर शोधणाऱ्या प्रत्येकाने ओळखावा असे वाटते. गुणांच्या बेरजेत एखादा असह्य दोष बाकीच्या गुणांखाली झाकला जातो. रात्री घरी परतायला वाहन नसेल, तर ती उणीव प्रशस्त स्वयंपाकघराने भरून निघत नाही, पण तक्त्यात ती भरून निघालेली दिसते. म्हणून आधी न टाळता येणाऱ्या अटी ठरवाव्यात, त्यांत न बसणारी घरे बाजूला काढावीत, आणि उरलेल्यांचीच तुलना करावी. या कुटुंबाने अखेर चार अटी निश्चित केल्या. घर आणि प्रवास यांचा एकत्रित खर्च वडिलांची मिळकत शून्य धरूनही पेलला पाहिजे. आईला कोणत्याही पाळीनंतर सुरक्षितपणे घरी येता आले पाहिजे. मुलांच्या शाळेच्या वाटेवर वेगवान रस्ता ओलांडावा लागू नये. आणि मुलगा झोपतो त्या खोलीची खिडकी जड रहदारीच्या रस्त्यावर उघडणारी नसावी.

पैशाचा हिशेब

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, हा दंडक सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ अमेरिकेतील सार्वजनिक घरांच्या धोरणात आहे. तेथे १९६९ मध्ये भाडेकरूकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंतच भाडे घ्यावे अशी मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेली गेली. सरकारी घरांच्या भाड्याची ती कमाल मर्यादा होती. कुटुंबात किती माणसे आहेत, कर्ज किती आहे, कामाचे ठिकाण किती दूर आहे, यांपैकी कशाचाही विचार या दंडकात नाही. विशेषतः प्रवासाचा खर्च वगळल्यामुळे हा दंडक दूरच्या घराला नेहमीच झुकते माप देतो. हीच उणीव लक्षात घेऊन शिकागोतील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास एकत्र मोजणारा निर्देशांक तयार केला आणि दोन्हींसाठी मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. मुलांसह स्थलांतर करणाऱ्याला हीच मोजणी अधिक उपयोगी पडते, मात्र मर्यादेचा आकडा उसना न घेता आपल्या घरखर्चातून काढावा.

या कुटुंबाने तो असा काढला. अन्न, औषधे, मुलांचे शिक्षण, आजी-आजोबांना पाठवायची रक्कम आणि जुन्या कर्जाचा हप्ता मिळून पगाराचे ४८ टक्के जात होते. मुलाचा दमा लक्षात घेता महिन्याला निदान १० टक्के बाजूला पडलेच पाहिजेत, असे दोघांनी ठरवले. म्हणजे घर आणि प्रवास यांसाठी ४२ टक्के उरले. वडिलांना दोन महिन्यांत काम मिळेलच, असे सांगणारे पुष्कळ होते आणि तसे घडणे अशक्यही नव्हते. परंतु न मिळालेल्या पगारावर भाडेकरार करणे म्हणजे अनिश्चिततेचा सगळा भार सहा-आठ महिन्यांनी मुलांच्या माथी टाकणे होय, कारण भाडे झेपेनासे झाले की घराबरोबर शाळाही बदलते.

नावाजलेला भाग येथेच गळाला. भाडे ४३ आणि किरकोळ प्रवास ३ मिळून ४६ टक्के होत होते. तेथील प्रख्यात शाळेत दोन्ही मुलांना प्रवेश मिळण्याची खात्रीही नव्हती, प्रतीक्षायादी लांबलचक होती. ज्या शाळेच्या नावासाठी जास्त भाडे द्यायचे, तिथे जागा आहे की नाही हे लेखी विचारल्याशिवाय त्या भागाचा विचारही करू नये.

कडेच्या वसाहतीचा हिशेब अधिक बारकाईने करावा लागला. बसचा प्रवास धरून घर आणि प्रवास यांचा खर्च ३० टक्क्यांच्या घरात राहत होता आणि ते आकर्षक होते. परंतु आईची संध्याकाळची पाळी रात्री दहाला संपते आणि वसाहतीकडे जाणारी शेवटची बस त्याआधीच सुटते. म्हणजे स्वतःचे वाहन घेणे भाग होते. त्याचा हप्ता, इंधन, विमा आणि रुग्णालयाजवळ ते उभे करण्याचे शुल्क धरले तेव्हा प्रवासाचा खर्च १७ टक्क्यांवर गेला. एकूण ४१. मर्यादेच्या आत, पण फक्त एका टक्क्याने. शिवाय एका बाजूचा प्रवास ७५ मिनिटांचा होता. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर ५५ तास रस्त्यात जाणार होते, आणि स्थानकामागून तोच प्रवास महिन्याला जेमतेम १५ तासांचा होता. हे ४० तास मुलांच्या वाट्याचे होते. स्वस्त भाड्याची किंमत अशी वेळेत वसूल होते आणि ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

सुरक्षितता कशी तपासली

सुरक्षिततेचा प्रश्न विचारला की माणसे प्रामुख्याने चोऱ्या-माऱ्यांविषयी बोलतात. स्थानकामागच्या वस्तीची बदनामीही तीच होती आणि पोलिसांकडील तक्रारींचे आकडे पाहता ती निराधार नव्हती. तिन्ही भागांत लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक तक्रारी तिथल्याच होत्या. मात्र या प्रमाणात एक गफलत असते. तक्रारींची संख्या तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागली जाते. स्थानकातून रोज ये-जा करणारे लोक तिथल्या रहिवाशांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतात, आणि पाकीटमारी, सामानाची वा दुचाकीची चोरी अशा त्यांच्या तक्रारी त्याच भागाच्या खात्यावर जमा होतात. ज्या भागात स्थानक, बाजारपेठ किंवा रुग्णालय आहे, त्या प्रत्येक भागाचे आकडे असे फुगतात. उलट कडेच्या वसाहतीत तक्रारी कमी होत्या, कारण तिथे बाहेरून येणारी माणसेच अजून कमी होती.

दुसरी गोष्ट अशी की गुन्हे एखाद्या भागात सारखे पसरलेले नसतात. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक लॉरेन्स शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेले दूरध्वनी पत्त्यांनुसार तपासले, तेव्हा शहरातील सुमारे ३ टक्के ठिकाणांहूनच निम्मे दूरध्वनी आल्याचे आढळले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर इतर शहरांतही असाच एकवटलेपणा दिसून आला आहे. म्हणून 'हा भाग कसा आहे' या प्रश्नाला फारसे उत्तर नसते. 'या गल्लीपासून शाळेपर्यंतची वाट कशी आहे' या प्रश्नाला असते. स्थानकामागच्या तक्रारी नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या स्थानकाचे मागचे दार, त्यालगतचा बाजार आणि तिथून निघणारा भुयारी मार्ग एवढ्या पट्ट्यात एकवटलेल्या दिसल्या. चार गल्ल्या आत, जिथे घरे होती, तिथे फारच तुरळक होत्या.

नकाशावर विसंबून मात्र निर्णय घेता येत नाही. वडील जाऊन वस्तीत फिरले: शाळा सुटण्याच्या वेळी, अंधार पडल्यावर, सुटीच्या दिवशी रात्री उशिरा आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. तिथल्या लोकांना त्यांनी भाग सुरक्षित आहे का असे विचारलेच नाही, कारण त्याला सगळे 'हो' म्हणतात. अंधार पडल्यावर मुलींना कोणत्या वाटेने जाऊ देता आणि कोणत्या वाटेने नाही, एवढेच विचारले. निरनिराळ्या बायकांनी स्वतंत्रपणे तोच भुयारी मार्ग टाळायला सांगितला आणि पुलावरची वाट दाखवली. एवढी नेमकी माहिती कोणत्याही आकडेवारीत मिळत नाही. आतल्या गल्लीत तळमजल्यावर शिंप्याचे दुकान होते, सायकल दुरुस्तीचे होते, जिन्यांच्या पायऱ्यांवर वयस्क माणसे बसलेली असत आणि मुले रस्त्यातच खेळत होती. रस्त्यावर सतत कुणाचे तरी लक्ष असणे हाच रस्त्याचा खरा पहारा, असे शहरांच्या रचनेवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडले होते. कडेच्या वसाहतीला उंच कुंपण होते आणि फाटकावर पहारेकरी होता, परंतु बसथांब्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर ना दिवे होते ना दुकान, आणि ११ वर्षांच्या मुलीला नेमकी तीच वाट रोज चालावी लागणार होती.

यापेक्षाही महत्त्वाची, आणि पालकांच्या बोलण्यात सर्वांत कमी येणारी, बाब म्हणजे रस्त्यावरची वाहने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडतात, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. गुन्ह्यांच्या नकाशावर ते दिसत नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत असे आढळले आहे की ताशी सुमारे ३० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे, हे प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. तो निष्काळजीपणा नसतो. त्या वयात दृष्टीची जाणच तेवढी विकसित झालेली नसते, म्हणून 'नीट बघून रस्ता ओलांड' या शिकवणीला मर्यादा आहे. रस्ता सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी, असे म्हटले आहे. कडेच्या वसाहतीतून शाळेला जाण्यासाठी मुलांना महामार्ग ओलांडावा लागणार होता, आणि सर्वांत जवळचा पादचारी पूलही इतका दूर होता की तिथली मुले दुभाजकावरूनच उड्या मारून जात. तिसऱ्या अटीत ती वसाहत अशा रीतीने बाद झाली. माझ्या मते हे एकच कारणही पुरेसे होते.

मुलांची संध्याकाळ

भाग निवडताना सगळे लक्ष घराच्या पत्त्यावर असते. पण मुलांच्या दृष्टीने दिवसातला नाजूक काळ शाळा सुटल्यापासून मोठे माणूस घरी येईपर्यंतचा असतो. या प्रकरणात शाळा साडेतीनला सुटणार होती. वडिलांना काम लागेपर्यंत प्रश्न नव्हता, पण लागल्यावर साडेतीन ते सात हा वेळ आणि आईची संध्याकाळची पाळी असेल त्या दिवशी तर आणखी उशिरापर्यंतचा वेळ मोकळा राहणार होता. ११ वर्षांच्या मुलीवर ५ वर्षांच्या, दम्याच्या मुलाची जबाबदारी टाकायची नाही, हे आई-वडिलांनी निःसंदिग्धपणे ठरवले होते आणि त्या निर्णयाचा मला आदर वाटतो. भाडे वाचवण्याच्या भरात अनेक घरांत ही जबाबदारी थोरल्या मुलीवर कोणाच्या नकळत येऊन पडते.

त्यामुळे घर शोधण्याआधी पाळणाघर शोधावे लागले. येथे सुरक्षिततेचा विचार पुन्हा एकदा वेगळ्या बाजूने करावा लागतो. मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांत अत्याचार करणारी व्यक्ती बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीतली आणि विश्वासातली असते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची धास्ती बाळगणारे पालक मुलाला रोज चार तास कुणाच्या स्वाधीन करतो याची चौकशी मात्र एका भेटीत उरकतात, असे वारंवार दिसते. नव्या शहरात, जिथे शेजाऱ्यांचीही पारख झालेली नसते, तिथे हा धोका वाढतो. या आईने तीन पाळणाघरे पाहिली. पालक आधी न कळवता केव्हाही आत येऊ शकतात का, मुले कधीही एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत असतात का, मुलाला न्यायला कोण येऊ शकते याची नोंद कुठे ठेवतात आणि श्वास लागला तर कोण काय करते, असे चार प्रश्न तिने तिन्ही ठिकाणी विचारले. शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी केवळ 'तुम्हाला फोन करू' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी तिथल्या बाईंनी इनहेलरला जोडायची नळी कपाटातून काढून ती लहान मुलाच्या तोंडाला कशी धरायची हे स्वतः करून दाखवले. हे पाळणाघर स्थानकामागच्या वस्तीत, शाळेच्या पुढच्याच गल्लीत होते. निर्णयाचे पारडे खऱ्या अर्थाने तिथे झुकले.

घराची निवड

स्थानकामागे दोन घरे उपलब्ध होती. एक मुख्य रस्त्यावर, भाडे २९ टक्के. दुसरे आतल्या गल्लीत, थोडे लहान आणि जिन्याचे, भाडे ३३ टक्के. ४ टक्क्यांचा फरक एका पगारावर चालणाऱ्या घरात लहान नसतो, पण येथे चौथी अट निर्णायक ठरली. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की वाहनांच्या धुरामुळे मुलांचा दमा बळावतो याला पुरेसा पुरावा आहे आणि मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर धुराचा प्रभाव सर्वाधिक असतो. आतल्या गल्लीतले घर त्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर नव्हते, तरी रस्त्यापासून बरेच आत होते, आणि मुलाच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणाकडे होती. रहदारीचा परिणाम केवळ श्वासावर होत नाही. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील रस्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर असलेल्या मित्रांची संख्या दिवसाला सुमारे १६,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांच्या तिप्पट निघाली. ज्यांची गावात कुणाशी ओळख नाही, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

शहराच्या जुन्या भागात स्वस्त घर घेताना इमारतीचे वय मुलांच्या दृष्टीने तपासावे लागते. आतल्या गल्लीतल्या घराच्या लाकडी खिडक्यांवर रंगाचे अनेक थर होते, आणि खिडकी वर-खाली सरकते त्या खोबणीत पोपड्यांचा चुरा साठलेला होता. बोट फिरवले की पांढरट भुकटी बोटाला लागे. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि शिशाची अमुक मात्रा मुलांना निर्धोक आहे असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. लहान मूल खिडकीच्या कडेला हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, एवढे शरीरात शिसे जायला पुरते. वडिलांनी त्या पोपड्यांची तपासणी करून घेतली, शिसे निघाले, आणि खिडक्या बदलून द्याव्यात ही अट करारात घालण्यात आली. असा जुना रंग कोरडा घासून काढायचा नसतो, त्याने भुकटी घरभर होते, म्हणून घासण्याऐवजी चौकटीसह खिडक्या काढल्या आणि सामान येण्याआधी घर ओल्या फडक्याने पुसून घेतले. खिडक्यांना गज बसवले. न्यूयॉर्क शहराने १९७६ पासून लहान मुले राहतात त्या घरांच्या खिडक्यांना संरक्षक गज सक्तीचे केले आणि त्यानंतर मुले खिडकीतून पडण्याचे प्रमाण तेथे मोठ्या प्रमाणात घटले. आगीच्या प्रसंगी आतून उघडता येतील असे गज असावेत, हेही तितकेच आवश्यक. तळमजल्याच्या भिंतीवर पूर्वी साचलेल्या पाण्याची रेघ दिसते का, ते पाहून झाले; दिसली नाही.

अनामत रक्कम मालकी आणि करार यांची कागदपत्रे पाहिल्यावर, घर प्रत्यक्ष पाहिल्यावरच दिली. दुरून घर शोधणारे लोक या एका बाबतीत सर्वाधिक फसतात.

रुग्णालयाशी झालेले बोलणे येथे नोंदवण्याजोगे आहे. स्थलांतराचा एकरकमी खर्च, म्हणजे अनामत, सामानाची वाहतूक, दोन्ही शहरांत एकाच वेळी भरावे लागलेले एका महिन्याचे भाडे आणि शाळेचे प्रवेशशुल्क, सुमारे अडीच महिन्यांच्या पगाराइतका होत होता. आईने अधिक पगार मागितला असता तर नकार मिळण्याचा संभव होता. तिने पहिले तीन महिने केवळ दिवसाची पाळी मागितली, आणि ती मिळाली. नोकरी देणाऱ्याला ज्याची किंमत कमी आणि कुटुंबाला ज्याचे मोल जास्त, अशा मागण्या स्थलांतराच्या वेळी आवर्जून कराव्यात: ठरलेली पाळी, रुजू होण्याची पुढची तारीख, सुरुवातीला राहायची सोय.

आधी काही महिने मिळेल तिथे राहू आणि शहर कळल्यावर चांगला भाग शोधू, असाही एक विचार कुटुंबापुढे होता. एकट्या माणसासाठी तो उत्तम आहे. मुले असताना मात्र त्यात एका वर्षात दोनदा शाळा बदलण्याची वेळ येते. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला, ज्यात सोडतीने निवडलेल्या काही कुटुंबांना कमी दारिद्र्य असलेल्या भागात राहण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये या मुलांचा पुढचा हिशेब मांडला. १३ वर्षांच्या आत असताना अशा भागात गेलेल्या मुलांचे विशीच्या मध्यातील उत्पन्न, न गेलेल्यांच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते. १३ नंतर गेलेल्यांत मात्र लाभ दिसला नाही, उलट किंचित तोटाच दिसला, आणि घर-शाळा तुटण्याचा त्रास हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. तो प्रयोग अतिशय गरीब वस्त्यांतील कुटुंबांचा होता, त्यामुळे हा आकडा या कुटुंबाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण परिसराचा परिणाम वर्षानुवर्षे साठत जातो आणि वय वाढेल तसा घर तुटण्याचा त्रास वाढतो, या दोन गोष्टी ११ वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांनी लक्षात घेण्याजोग्या होत्या. त्यामुळे त्यांनी घरापेक्षा शाळा आधी पक्की केली. पुढे घर बदलावे लागलेच, तरी ते त्याच शाळेच्या चालत जाण्याच्या टप्प्यात बदलायचे, असे ठरले.

पुढे काय झाले

सहा महिन्यांनंतरची स्थिती संमिश्र आहे. वडिलांना काम मिळायला साडेचार महिने लागले, आणि तोवर घर एका पगारावर कर्जाविना चालले. नावाजलेल्या भागात राहिले असते तर ते जमले नसते. मुलाला थंडीत दोनदा श्वासाचा त्रास झाला, त्यापैकी एकदा पाळणाघरात, आणि तिथल्या बाईंनी तो व्यवस्थित हाताळला. मुलगा गल्लीत रुळला. मुलगी रुळायला वेळ लागला. जुन्या मैत्रिणींची आठवण, रात्री जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आणि वर्गातल्या मुलांनी तिच्या वस्तीवरून मारलेला एखादा शेरा, हे सगळे तिने पहिल्या सत्रात एकटीने सोसले. भाग निवडताना तिला तिन्ही ठिकाणी नेले होते, पण तिचे मत विचारले गेले ते निर्णय झाल्यावर. ११ वर्षांचे मूल निर्णय करू शकत नसले, तरी आपल्याला काय नको हे नेमके सांगू शकते, आणि तिच्या बाबतीत ही एक गोष्ट वेगळी व्हायला हवी होती. दुसऱ्या सत्रात ती शेजारच्या इमारतीतील मुलीबरोबर पुलावरून वाचनालयात जाऊ लागली.

भुयारी मार्गात अजून दिवे नाहीत. वस्तीतल्या पालकांनी मिळून पालिकेकडे अर्ज दिला आहे आणि त्यावर या आई-वडिलांच्याही सह्या आहेत. उत्तर आलेले नाही.

करार एका वर्षाचा होता. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीच घरमालकाने भाडेवाढीचा विषय काढला. वडिलांचा पगार सुरू झाल्यामुळे आता नावाजलेल्या भागातले घर परवडण्याच्या टप्प्यात आले होते, आणि दोघांनी त्याचाही हिशेब पुन्हा मांडून पाहिला. शाळा, पाळणाघर आणि गल्ली सोडून तिथे जाण्याने मुलांच्या पदरात नेमके काय पडेल, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. त्यांनी थोडी वाढ मान्य केली आणि बदल्यात दोन वर्षांचा करार मागितला. घरमालकाने तो दिला. मुलीची या शाळेतली वर्षे त्या मुदतीत पूर्ण होतात.